लग्नात वाजवायचे कोणी? वाजंत्र्यांच्या बलुत्यापासून डीजेच्या सुपारीपर्यंत

१/
पुणे–सोलापूर महामार्गावर, पुण्याहून जाताना यवतच्या अलीकडे, दौंड तालुक्यातील कासुर्डी हे गाव लागते. प्रवाशांना ते पूर्वीच्या टोल नाक्यामुळे ठाऊक असते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला जाते तीही याच वाटेने. तुळशीचे लग्न लागले की या पट्ट्यात लग्नसराई सुरू होते. मंगल कार्यालय ठरते, आचारी ठरतो आणि मग घरातील तरुण मंडळी एका प्रश्नावर अडून बसतात: डीजे कोणाचा सांगायचा?

२/
प्रश्न साधा वाटतो. परंतु लग्नात कोणी वाजवावे हे लग्नघराने ठरवायचे, ही कल्पनाच महाराष्ट्राच्या खेड्यांत फार जुनी नाही. कित्येक पिढ्या वाजवणारा निवडला जात नसे. तो गावाने आधीच ठरवलेला असे. त्यालाही 'येत नाही' म्हणण्याची मोकळीक नसे. निवडीचा हा अधिकार कसा आला आणि त्याबरोबर काय निसटले, याचा हा आढावा.

३/
प्रारंभ बलुतेदारीपासून करावा लागतो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग अशा सेवेकऱ्यांना गाव कामागणिक पैसे देत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा मिळे, तेच बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने केलेले आणि बरेचसे कठोर परीक्षण आहे. बलुतेदारांची यादी प्रांतागणिक बदलत असे. तत्त्व मात्र एकच होते. काम घराण्याचे आणि गिऱ्हाईक गावाचे.

४/
वाद्येही याच चौकटीत वाटली गेली होती. देवळातील वाद्यसेवा बहुधा गुरवाकडे असे. सनई-सूर वाजवणारे घडशी आणि होलार, हलगी-डफ वाजवणारे मांग (आजचा मातंग समाज), काही भागांत महार. लग्नघरी शेवंती निघो, वर पारावर येवो की वरात निघो, त्या त्या प्रसंगी वाजवणे हे या घराण्यांचे काम होते. मोबदल्यात बलुत्याचा वाटा, वर शिधा, पानसुपारी, जुने-नवे वस्त्र आणि ओवाळणीची नाणी मिळत.

५/
येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या नात्याला दोन बाजू होत्या. वाजवणे हा हक्क होता: गावात दुसऱ्या गावचा वाजवणारा आणला तर स्थानिक घराणे तक्रार करू शके. तसेच वाजवणे ही सक्तीही होती: ज्या मंडपात आपल्याला बसता येणार नाही, ज्या पंगतीत आपले पान नाही, त्या मंडपाबाहेर उभे राहून वाजवायचे. कातडे हाताळणारा म्हणून अस्पृश्य, आणि त्याच कातड्याच्या हलगीवाचून मंगलकार्य अपुरे! विरोधाभास उघड होता. पण तो कोणाला खुपत नसे.

६/
वाद्य हे केवळ करमणुकीचे साधन नव्हते. ते मानाचे माप होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. चौघडा झडणे हे सत्तेचे लक्षण होते आणि नौबत वाजवण्याचा मान राजाने द्यावा लागे. हीच रीत लहान प्रमाणात गावात दिसे. पाटीलकीच्या वतनाची भावाभावांत वाटणी होताना होळीची पोळी प्रथम कोणाची, पोळ्याचा बैल पुढे कोणाचा, वाजंत्री आधी कोणाच्या दारी, हे मान कागदावर लिहून ठेवले जात. वाजंत्री कोणाच्या दारी प्रथम थांबते, यावरून गाव कोणाचे ते कळे.

७/
निवडीच्या प्रश्नाला पहिला मोठा धक्का वाजंत्र्यांच्या बाबतीत नव्हे, पुरोहितांच्या बाबतीत बसला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावण्यास सुरुवात झाली. १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे असे विवाह झाले तेव्हा ग्रामजोशांनी दावा लावला. आम्हांला बोलावले नाही तरी आमची दक्षिणा बुडता कामा नये, कारण ती वतनाची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

८/
आजच्या वाचकाला हा दावा हास्यास्पद वाटेल. ब्रिटिश न्यायालयांनी मात्र वतनी जोशाचा असा हक्क अनेकदा ग्राह्य धरला होता. अखेर रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळाने कायदा केला आणि न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणेचा दावा करता येणे बंद झाले. स्वतःच्या घरच्या लग्नात कोणाला बोलवावे हे ठरवण्याचा अधिकार असा कायद्याने मिळवावा लागला आहे.

९/
दुसरी बाजू अधिक कठीण होती: सेवा नाकारण्याचा अधिकार. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्दे कायद्याने महार वतन सरकारी चौकटीत जखडले होते. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. वतनाच्या तुकड्यापायी माणूस गावाचा बांधील होतो, ही त्यांची भूमिका होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत बौद्ध समाजाने मेलेली जनावरे ओढणे, गावच्या कार्यात वाजवणे अशी कामे सोडली. काही ठिकाणी त्याची किंमत बहिष्काराने मोजावी लागली.

१०/
कायदाही मागून आला. १९५३ मध्ये समाजोपयोगी सेवा इनामे रद्द करणारा आणि १९५८ मध्ये कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा, असे दोन कायदे मुंबई राज्यात झाले. खळ्यावरचे बलुते त्यानंतरही बरीच वर्षे रेंगाळले. परंतु वाजवणारा आता कायद्याने कोणाचा बांधील राहिला नाही. लग्नघराला निवड मिळाली, त्याच काळात वाजवणाऱ्याला नकार मिळाला. हे दोन अधिकार जुळे आहेत.

११/
ही पोकळी भरून काढण्यास एक वाद्यवृंद आधीच तयार होता: ब्रास बँड. तो लष्करी छावण्यांतून आणि संस्थानिकांच्या दरबारांतून शहरांत उतरला. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, ड्रम, अंगात झालरीचा गणवेश. पुण्यातील प्रभात बँड, दरबार बँड ही नावे गणेश विसर्जन मिरवणुकीमुळे घराघरांत पोचली. बँडची 'सुपारी' दिली जाई आणि इसार घेतला जाई. लग्नघराने भाव करून, नाव पाहून, गाणी सांगून वाजवणारा ठरवावा, ही रीत खऱ्या अर्थाने येथून रुजली.

१२/
गणवेशाने एक मोठे काम केले. टोपी आणि बिल्ले लावलेल्या माणसाची जात मिरवणुकीत चटकन दिसेनाशी झाली. वास्तविक बँडमध्ये शिरलेले कित्येक जण जुन्या वाजंत्री घराण्यांतलेच होते. सनईवर तयार झालेली बोटे क्लॅरिनेटवर आली. दर्जा पूर्णपणे पालटला असे म्हणता येणार नाही. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारा माणूस अंधारातच राहिला. तरी बलुत्याच्या जागी रोख मजुरी आली, हा बदल लहान नव्हता.

१३/
खर्चाचा मुद्दा येथे टाळता येत नाही. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग ब्रिटिश काळात भीमथडी तालुक्यात मोडे. त्याच तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला; तोच 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखला जातो. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे तेव्हाही बोलले जाई. सरकारी चौकशी आयोगाचा निष्कर्ष वेगळा निघाला: क्वचित येणाऱ्या लग्नापेक्षा बी-बियाणे, बैल, धान्य आणि शेतसारा यांसाठी वारंवार घ्यावे लागणारे छोटे कर्जच अधिक साचते. डीजेवरील खर्चाची चर्चा करताना ही दीडशे वर्षांपूर्वीची नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१४/
पुढचा बदल विजेने घडवला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत तारा वाड्यावस्त्यांपर्यंत पोचल्या. मंडपाच्या खांबाला कर्णा बांधला गेला आणि सनईची तबकडी पहाटेच वाजू लागली. वाजवणारा माणूस प्रथमच मंडपातून नाहीसा झाला. उरला तो स्पीकरवाला. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा लोकगीते आणि भीमगीते गाणाऱ्या गायकांना मोठ्या कंपन्यांच्या पलीकडचा श्रोता मिळाला.

१५/
बँड आणि डीजे यांच्या मधल्या काळाचे वाद्य म्हणजे बेंजो. त्याचा प्रवास मजेदार आहे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' हे कळा असलेले तंतुवाद्य बनवले. भारतात ते 'बुलबुल तरंग' झाले आणि महाराष्ट्रात, विजेची जोड मिळून, बेंजो पार्टीचे मुख्य वाद्य झाले. हातगाडीवर स्पीकर, पुढे ताशा-ढोल आणि बेंजोवर चित्रपटगीत. आजच्या फिरत्या ध्वनियंत्रणेचे मूळ या हातगाडीत शोधता येते.

१६/
शब्दांचा प्रवास त्याहून विलक्षण आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे या यंत्रणेला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्यासाठी! नको तो आवाज घालवणाऱ्या माणसाचे नाव आपल्याकडे खिडक्यांची तावदाने हादरवणाऱ्या भिंतीला मिळाले. 'डीजे'चेही तसेच झाले. मुळात तबकड्या निवडून वाजवणारी व्यक्ती म्हणजे डिस्क जॉकी; आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेले स्पीकर. माणसाचे नाव यंत्राला गेले.

१७/
तरीही डीजेकडे केवळ गोंगाट म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्यांच्या आजोबांना दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजवावे लागले, त्यांची नातवंडे आज स्वतःच्या वरातीपुढे आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत हव्या त्या गाण्यावर नाचतात. ज्या रस्त्यावर घोड्यावरून वरात काढण्यास दलित नवरदेवांना मज्जाव होत आला, त्या रस्त्यावर मोठा आवाज हाही एक दावा असतो: आम्ही येथे आहोत. वाजंत्री कोणाच्या दारी प्रथम, या जुन्या प्रश्नाचे हे नवे उत्तर आहे.

१८/
मात्र या साऱ्या स्थित्यंतरात एक पक्ष मागे पडला: ऐकणारा. हलगी कितीही कडकडली तरी वाजवणाऱ्याचा हात दमे, कातडे सैल पडे, शेकोटीवर ते पुन्हा तापवावे लागे. आवाजाला शरीराची मर्यादा होती. परंपरेलाही ही मर्यादा ठाऊक होती. मंगलाष्टकांच्या अखेरीस वाजंत्र्यांना फार गलबला करू नका असे विनवण्याची रीत आहे. यंत्र दमत नाही. म्हणून मर्यादा कायद्याला घालावी लागली.

१९/
ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. डेसिबलची चढण साधी नसते: १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, २० वाढले की शंभरपट. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची बंदी उचलून धरली. सप्टेंबर २०१८ मध्ये ध्वनियंत्रणा व्यावसायिकांनी विसर्जन मिरवणुकीसाठी मागितलेला अंतरिम दिलासा मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला.

२०/
कायद्याची दुसरी बाजू लग्नघराच्या हिताची आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला सूट आहे आणि विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे त्यात स्पष्टपणे धरलेले आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने सूचना काढून याची पुन्हा आठवण करून दिली. म्हणजे लग्नातील गाण्यांसाठी परवानाशुल्क मागणारा आला तर कुटुंबाने कलम ५२ दाखवावे.

२१/
मग कासुर्डीच्या लग्नघराने डीजे ठरवताना काय पाहावे? स्पीकर किती, भिंत किती उंच, दिवे किती, हे प्रश्न सर्वजण विचारतात. इतिहास आणखी तीन प्रश्न सुचवतो. वाजवणाऱ्या आणि यंत्रे वाहणाऱ्या माणसांची मजुरी कागदावर ठरली आहे का, आणि पंगतीत त्यांचे पान आहे का? परवानगी कोण काढणार आणि दहाच्या ठोक्याला बटण कोण बंद करणार? वरातीच्या वाटेवर दवाखाना, तान्हे मूल, म्हातारे माणूस असलेली घरे किती, आणि तेथून जाताना आवाज उतरवण्याचे कबूल झाले आहे का?

२२/
हे तीन प्रश्न तीन पक्षांचे आहेत: वाजवणारा, बोलावणारा आणि ऐकणारा. बलुतेदारीत पहिल्याला नकार नव्हता आणि दुसऱ्याला निवड नव्हती. ते दोन्ही अधिकार एका शतकाच्या झगड्यातून मिळाले आहेत आणि ते परत देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उरला आहे तो तिसऱ्याचा अधिकार. त्याला डीजे निवडता येत नाही आणि कानही मिटता येत नाहीत. सुपारी देताना त्याची आठवण ठेवली, तर वरात वाजतगाजत निघेल आणि गावालाही ती आपली वाटेल.