पट्टी वाचणारी माणसे

धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. रायकर मळ्यासारखी नावे आता सोसायट्यांच्या पत्त्यांत उरली आहेत. पण पुण्याभोवतीच्या अशा गावांचे शहराशी जुने नाते होते ते माळव्याचे. मळ्यात पिकवायचे, पाटी किंवा गाडी भरून शहरात न्यायचे आणि मिळेल तो भाव घेऊन परतायचे. तो भाव कोण ठरवतो, माप कोण धरतो आणि मधल्या मध्ये काय काय कापले जाते, हा या नात्यातला खरा तंटा. ‘रास्त व्यापार’ म्हटले की हल्ली आपल्याला परदेशी कॉफीच्या डब्यावरचा शिक्का आठवतो. तसा पहिला शिक्का १९८८ साली हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ या नावाने निघाला. पुणे जिल्ह्यात हा प्रश्न त्याच्या शंभर वर्षे आधी रस्त्यावर आला होता. त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इथे व्यवहार रास्त झाला तो नुसत्या कायद्याने नाही, आणि भल्या ग्राहकाच्या कनवाळूपणाने तर नाहीच. हिशेब समजणारी आणि एकत्र उभी राहणारी माणसे जिथे तयार झाली तिथेच तो रास्त झाला, आणि तोही तेवढ्यापुरताच.

सुरुवात १८७५ च्या दंग्यांपासून करावी लागते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकाने गाठली आणि कर्जरोख्यांची होळी केली. हा अनेकदा अडाण्यांचा उद्रेक म्हणून सांगितला जातो. जमावाला मुख्यतः कागद हवे होते, ही गोष्ट मात्र त्या वर्णनात नीट बसत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला गळा नेमका कोणत्या कागदाने आवळला आहे हे ठाऊक होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट आधीच घडून गेली होती. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात १८७४ च्या अखेरीस एका देशमुखाचे घर हुकूमनाम्याने सावकाराच्या ताब्यात गेले, तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याची जमीन कसायची नाही, पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही. पुढे काही गावांनी अशा बहिष्काराची संमतिपत्रे लिहून काढली. मला होळीपेक्षा ही संमतिपत्रे मोठी वाटतात. कागदाला उत्तर म्हणून गावाने स्वतःचा कागद तयार केला होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावेत, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास खातेपुस्तक द्यावे, अशी त्यातली कलमे आजही वाचताना शहाणपणाची वाटतात. पण सगळी मेख त्या ‘मागितल्यास’मध्ये होती. मागणार कोण? ज्याला उद्या बियाण्यासाठी त्याच दारात जायचे आहे, तो खातेपुस्तकासाठी अडून बसत नाही. शिवाय सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट काढली. कागदावर विक्री, तोंडी बोली मात्र ‘पैसे फेडलेस की जमीन परत’. त्या तोंडी बोलीला कचेरीत किंमत मिळवणे सोपे नव्हते.

जोतीराव फुल्यांनी याच काळात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. १८८३ मध्ये तो पुरा झाला आणि त्याची जाहीर वाचनेही झाली. त्यात सावकार आहे तसा शहराचा बाजारही आहे. गाडीभर माळवे शहरात आणले तर फार थोडी रक्कम हाती येते, आणि गाडीभाडे व नगरपालिकेची जकात भागवल्यावर शेतकऱ्याला घरी जाऊन शिमगा करावा लागतो, असा हिशेब फुले मांडतात. स्वतः कंत्राटदारी केलेल्या आणि मांजरीला बागायत केलेल्या माणसाचा हा हिशेब आहे. पुण्याच्या नगरपालिकेत असताना नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला होता, कारण तो पैसा त्यांना शिक्षणावर हवा होता. मंडई १८८६ मध्ये उघडली, लॉर्ड रे यांच्या नावाने. पुढे तिला फुल्यांचेच नाव मिळाले. इतिहासाला विनोदाचे असे वावडे नाही. फुल्यांचा विरोध बाजाराला नव्हता. इमारत आधी आणि अक्षरओळख नंतर, या क्रमाला तो होता, आणि पुढची पन्नास वर्षे पाहता त्यांची बाजू चुकीची म्हणवत नाही.

त्या पन्नास वर्षांत घाऊक बाजारात काय चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. माल समोर पडलेला असे, मालक शेजारी उभा असे, आणि दलाल व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. मालाच्या धन्याला ऐकू येई तो फक्त निकाल. मग हाती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पडे. तीत आडत म्हणजे दलाली, हमाली, तोलाई आणि शिवाय धर्मादायसारख्या कपाती. नमुना म्हणून उचललेला माल वेगळा, कडता म्हणून वजनातून सोडायची सूट वेगळी. यातली प्रत्येक रक्कम किरकोळ असे, आणि म्हणूनच तिच्यावर भांडायची सोय नसे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने १९३३ मध्ये पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. शेतमाल बाजाराचा मुंबई इलाख्याचा कायदा १९३९ मध्ये आला. उघड लिलाव, ठरलेल्या कपाती, परवानाधारक तोलार हे सगळे कायद्यात आले. बाजारात यायला मात्र आणखी दशके लागली, आणि आले तेव्हाही ते बहुधा कोणाच्या तरी भांडणातून आले.

त्यातले पुण्यातले सर्वांत चिवट भांडण हमालांचे. डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात नाना पेठ, भवानी पेठेतल्या हमालांना घेऊन हमाल पंचायत उभारली. ज्याच्या पाठीवरून सगळा व्यापार जातो त्याची ना मजुरी ठरलेली, ना मालक ठरलेला. पंचायतीने दर मागितले तसे हमालाला स्वतःच्या कामाचा हिशेबही मागायला शिकवले. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी मंडळामार्फत देण्याची, भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली. कायदा राज्यभर एकच होता. पण त्याची फळे जिथे संघटना होती तिथेच नीट पिकली. पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र काढले आणि पुढे शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर आणण्याची मागणी लावून धरली. ओझे मोजणे हाही काट्याचाच प्रश्न आहे, हे बाजाराला कोणा अर्थतज्ज्ञाने नव्हे, हमालांनी सांगितले.

इथे शेतकरी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की हमाली आणि तोलाई शेवटी कापली जाते कुणाच्या पट्टीतून? माझ्याच. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर तोलार काही तोलत नाही, तरी तोलाई का, हा वाद राज्यातल्या बाजार समित्यांत वर्षानुवर्षे चालू आहे. आक्षेप खरा आहे, आणि संघटना झाली म्हणजे आपोआप न्याय झाला, असे माझे म्हणणेही नाही. एका बाजूची संघटना दुसऱ्या बाजूला बोलायला भाग पाडते, इतकेच. शेतकरी गप्प राहिला तर हमालाचा रास्त दर त्याच्याच खिशातून जाणार. तो गप्प राहिला नाही याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आलेल्या शरद जोशींनी १९७९ मध्ये चाकणला शेतकरी संघटनेची मुहूर्तमेढ रोवली, ‘वारकरी’ साप्ताहिक काढले, कांद्यासाठी रस्ते अडवले. त्यांच्या शिबिरांत घोषणा होत्या, पण मुख्य पाठ उत्पादनखर्च मांडण्याचा होता. कपाती मालाच्या किमतीहून जास्त निघाल्या की शेतकऱ्याकडेच येणे निघते. ही ‘उलटी पट्टी’ सभांमधून चर्चेचा विषय झाली आणि घरात लपवायची लाज राहिली नाही. जोशींना बाजारात सरकार नको होते, आढावांना कायद्याचे संरक्षण हवे होते. दोघांचे जमले नसते. पट्टी उघडी करण्याचे काम मात्र दोघांनीही केले.

तिसरी बाजू घेणाऱ्याची. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. तिथे शेजारच्या काही कुटुंबांचा संघ महिन्याची यादी एकत्र करतो, माल घाऊक येतो, आणि कोणाच्या तरी घरात सभासदच तो वाटून घेतात. स्वस्ताई हा त्यातला फायदा, पण डाळ कुठून आली आणि मध्ये किती हात बसले, हे गृहिणीला कळणे हा त्याहून मोठा. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, म्हणजे लोकांनी बारा वर्षे आधी सुरुवात केली होती.

मग उरतो सर्वांत जोरकस आक्षेप. मधला माणूसच काढून टाका, पट्टीच नको. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा आदेश काढला. व्यापाऱ्यांचा विरोध होताच सरकारने त्याला स्थगिती दिली. २०१६ मध्ये मात्र तोच बदल झाला, फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि शहरात शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. आडत कोणीही भरली तरी ती शेवटी भावातच उतरते, असे अर्थशास्त्र सांगते. ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे, पण बोली उघड असेल तरच. थेट विक्रीचेही तसेच. आडत्या नुसता कमिशन खात नाही. तो उचल देतो, पडत्या भावातही सगळा माल घेतो. त्याची ही कामे थेट विक्रीत कोणाकडे तरी जावी लागतात, आणि दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला आठवड्यातला एक दिवस बाजारात बसून ती भागवता येत नाहीत. म्हणून आज धायरीतल्या सोसायटीत मोबाइलवर मागवलेली मेथी दारात येते ती बहुधा कोणा कंपनीच्या खरेदी केंद्रावरून. तिथे उघडा लिलाव नाही, आणि हमाल पंचायतीसारखी काट्याजवळ उभी राहणारी संघटना अजून दिसत नाही. भाव पडद्यावर दिसतो. तो कसा ठरला हे ना मेथी लावणाऱ्याला कळते ना निवडणाऱ्याला. १९३९ च्या कायद्याने जो रुमाल उचलायचा ठरवला होता, त्याच्याबद्दल विचारणारी गावे आणि सोसायट्या एकमेकींशी अजून बोललेल्या नाहीत.