मेरिट होतेच, दार बंद होते : डोरोथी व्हॉन

आरक्षणाचा विषय निघाला की आपल्या तोंडावर एकच शब्द फेकला जातो : ‘मेरिट’. अंगी गुण असतील तर दार आपोआप उघडते, असा त्यामागचा दावा. हा दावा किती खरा आहे, हे आपण अमेरिकेतील डोरोथी व्हॉन यांच्या आयुष्यावरून तपासू. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात प्रोग्रामिंग करणाऱ्या पिढीतल्या त्या एक कृष्णवर्णीय स्त्री.

जन्म १९१०, कॅन्सस सिटी. १९२९ मध्ये विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून त्यांनी गणिताची पदवी घेतली. पण १९४३ पर्यंत कोणत्याही प्रयोगशाळेला त्यांचे मेरिट दिसले नाही. त्या व्हर्जिनियातील फार्मव्हिल येथे, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या मोटन हायस्कूलमध्ये गणित शिकवत होत्या. याच शाळेतल्या मुलांनी १९५१ मध्ये शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध संप केला. त्यातून उभा राहिलेला खटला १९५४ च्या प्रसिद्ध ‘ब्राऊन’ निकालाचा भाग बनला. निकाल मानावा लागू नये म्हणून तिथल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी १९५९ पासून पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या!

मग व्हॉन यांच्यासाठी दार कसे उघडले? कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर एक लाख कृष्णवर्णीयांचा मोर्चा आणण्याचा इशारा दिला. त्या दबावाखाली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्ये आदेश काढून संरक्षण उद्योगांतील आणि सरकारी नोकरभरतीतील वंशभेदाला बंदी घातली. महायुद्धामुळे माणसांची गरजही होतीच. १९४३ च्या अखेरीस व्हॉन लँगली येथील विमान संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाल्या. गुण आधीही तेच होते. बदलला तो कायदा, आणि तो बदलला संघटित ताकदीने.

त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारी माणसे. कृष्णवर्णीय स्त्रियांचा ‘वेस्ट एरिया कॉम्प्युटिंग’ हा विभाग गोऱ्या स्त्रियांपासून वेगळा ठेवला होता. जेवणाचे टेबल वेगळे, स्वच्छतागृह वेगळे. ही वेगळी टेबले आपल्याला परकी वाटणार नाहीत.

१९४९ मध्ये या विभागाची सूत्रे व्हॉन यांच्याकडे आली. त्या संस्थेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षक. हे पद त्यांनी स्वतःपुरते वापरले नाही. आपल्या विभागातील स्त्रियांच्या बढतीसाठी त्या भांडल्या, प्रसंगी गोऱ्या सहकारी स्त्रियांची बाजूही त्यांनी घेतली. पुढे जॉन ग्लेन यांच्या अंतराळ उड्डाणाची गणिते पडताळणाऱ्या कॅथरीन जॉन्सन १९५३ मध्ये याच विभागात आल्या, आणि त्यांना उड्डाण संशोधन शाखेत पाठवले ते व्हॉन यांनीच.

१९५८ मध्ये नासा स्थापन झाली आणि वेगळे विभाग संपले. पुढे मोठी संगणक यंत्रे आली तशी हाताने आकडेमोड करणाऱ्यांची गरज संपत चालली. व्हॉन यांनी हे आधीच ओळखले. त्या फोरट्रान ही संगणकभाषा शिकल्या, सहकाऱ्यांना शिकवली, आणि ‘स्काऊट’ रॉकेटच्या कामात सहभागी झाल्या. पण हेही लक्षात घ्या : १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांना पुन्हा प्रमुखपद मिळाले नाही. वेगळेपणाची भिंत पडली, पण अधिकाराची खुर्ची जिथल्या तिथेच राहिली.

२००८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कथा घराघरांत पोहोचली ती २०१६ मध्ये, पुस्तक आणि चित्रपट आल्यावर.

म्हणून आयटी पार्कात, विद्यापीठात, कार्यालयात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : नवे तंत्र आधी शिका, मग मागून येणाऱ्याला शिकवा. आणि कुणी ‘मेरिट’ विचारले तर त्याला उलट विचारा, दार कुणी बंद केले होते?

जय भीम!