अतिनील निर्देशांक : न जाणवणाऱ्या उन्हाचे मोजमाप

सूर्याच्या अतिनील किरणांची त्वचेला होरपळवण्याची क्षमता दर्शविणाऱ्या अंकास अतिनील निर्देशांक किंवा ‘यूव्ही इंडेक्स’ म्हणतात. १९९२ मध्ये कॅनडात तो प्रथम वापरात आला. पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना यांच्या पुढाकाराने त्याला आंतरराष्ट्रीय मापकाचे रूप मिळाले.

मोजणी कशी होते?
निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण त्वचेला सारख्याच प्रमाणात भाजत नाहीत. त्यामुळे उपकरणाने मोजलेल्या ऊर्जेला तरंगलांबीनुसार कमी-अधिक भार दिला जातो. अशी भारित ऊर्जा प्रति चौरस मीटर २५ मिलिवॉट भरली की निर्देशांक १ होतो. २ पर्यंत तीव्रता कमी, ३ ते ५ मध्यम, ६ ते ७ जास्त, ८ ते १० अतिशय जास्त आणि ११ पासून पुढे आत्यंतिक मानली जाते. ३ पासून संरक्षण आवश्यक ठरते.

ऋतुमान आणि गोवा
उन्हाची ऊब अवरक्त किरणांमुळे जाणवते. अतिनील किरण जाणवत नाहीत. म्हणूनच तापमानावरून त्यांचा अंदाज बांधणे फसवे ठरते. त्यांची तीव्रता मुख्यतः सूर्याची उंची, ओझोनचा थर आणि ढग यांवर अवलंबून असते. गोव्यात मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये दाट ढग बरेच किरण अडवतात. विरळ ढगांतून मात्र ९० टक्क्यांहून अधिक किरण खाली येऊ शकतात. डिसेंबरातही येथील माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश उंच असतो. त्यामुळे हवा आल्हाददायक असली, तरी निरभ्र दुपारी निर्देशांक ‘जास्त’ श्रेणीत किंवा त्याहूनही वर जातो.

आरोग्याशी संबंध
ड जीवनसत्त्वासाठी थोडे ऊन हितकर असते. अतिरेकाने मात्र त्वचा अकाली सुरकुतते, त्वचेच्या कर्करोगाचा व मोतीबिंदूचा धोका वाढतो. सावळ्या वर्णाला कर्करोगापासून काहीसे संरक्षण लाभते, डोळ्यांना नाही. मिठागरांत, शेतात वा रापणीवर राबणाऱ्यांना ऊन टाळता येत नाही. रुंद काठाची टोपी, अंगभर सुती कपडे, योग्य दर्जाचा गॉगल आणि दुपारची विश्रांती हेच त्यांचे संरक्षण होय. निर्देशांक हाताशी नसल्यास सावली पाहावी : ती स्वतःच्या उंचीहून आखूड असेल, तर किरण प्रखर आहेत असे समजावे.