सेलिलोच्या फळीवरून

सप्टेंबर 1947. तुम्ही ओरेगॉनमध्ये, कोलंबिया नदीच्या काठी उभे आहात. पाठीमागे रेल्वेचे रूळ, सेलिलो गावातली घरं आणि मासे वाळवायच्या पडव्या. समोर नदी. वरून रुंद पसरत आलेलं पाणी इथे काळ्या बसाल्टच्या चिरांमध्ये एकदम कोंडतं आणि ठिकठिकाणी फुटून खाली झेपावतं. शेजारचा म्हातारा काहीतरी सांगतोय, पण धबधब्याच्या आवाजात त्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. इथे बोलणं हातवाऱ्यांनीच चालतं. त्याच्या हातांवर नजर ठेवा, आज शिकायचं ते तिथूनच.

जाळ्याला लगेच हात घालू नका. काठावरचा प्रत्येक खडक, पाण्यावर झुकलेला प्रत्येक लाकडी फलाट कुणा ना कुणा घराण्याचा आहे आणि तो हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. न विचारता तिथे पाय ठेवायचा नसतो. मासेमारीवर देखरेख वयोवृद्ध प्रमुख टॉमी थॉम्पसन यांची. त्यांची खूण झाली की जाळी पाण्यात उतरतात, त्यांनी थांबवलं की वर येतात. रात्री कुणी मासे धरत नाही. वसंतात पहिल्या साल्मनचं जेवण सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही. गावात कुणी दगावलं तर जाळी बाजूला ठेवली जातात. हे नियम कुठल्याही सरकारी खात्यानं घालून दिलेले नाहीत, आणि मला तर या नदीवरची सगळ्यात मोठी कारागिरी हीच वाटते. इतका मासा डोळ्यांसमोरून जात असताना हात आवरायला माणसं शिकली होती.

म्हातारा दोर पुढे करतो. तो कमरेला बांधा, दुसरं टोक त्यानं खडकाला पक्कं बांधलेलं आहे. फलाट म्हणजे कपारीत अडकवलेल्या वाशांवर टाकलेल्या चार फळ्या. त्या ओल्या आहेत, वर खवलं चिकटलेली आहेत. पाय घासत पुढे सरका, उचलून टाकू नका. खाली पडलेला माणूस दोराशिवाय परत मिळत नाही.

आता पाणी वाचा. नवख्याची नजर नदीच्या मध्यावर जाते, कारण सगळा जोर तिथे दिसतो. पण मासा तिथे कशाला थांबेल? समुद्रातून निघून 300 किलोमीटरहून अधिक अंतर तो प्रवाहाविरुद्ध पोहून आलाय. नदीत शिरल्यापासून त्यानं खाणं जवळजवळ सोडलेलं आहे. अंगातल्या चरबीवरच त्याला आपल्या जन्माच्या ओढ्यापर्यंत पोचायचंय आणि तिथल्या गोट्यांत अंडी घालायची आहेत. त्यामुळे तो ताकद पुरवून पुरवून वापरतो. मुख्य धार टाळतो, काठाला घासून चढतो, खडकाआड पाणी उलटं फिरतं तिथे दम खातो आणि मगच उडी घेतो. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून शेतात चढतात तेव्हा जाणता माणूस लोंढ्यात उतरत नाही, कडेला बसून वाट बघतो. अक्कल तीच, फक्त इथला मासा 10 किलोचा आहे, कधी त्याच्या दुप्पट.

म्हातारा बोटानं फेस दाखवतो. बाकीचा फेस वाहून जातोय, पण एका ठिकाणी तो गोल फिरत राहिलाय. तिथे भोवरा आहे, खाली विसाव्याची जागा आहे. पाणी गढूळ असेल तर आणखी चांगलं, माशाला जाळं दिसत नाही. काठावरून साल्मन धरणाऱ्याला हे कुठल्याही नदीवर उपयोगी पडेल, मग हातात गळ असो की जाळं. आणि गळ असेल तर हेही ध्यानात ठेवा: नदीतला साल्मन भुकेपोटी आमिष धरत नाही. तोंडासमोरून काही वारंवार गेलं की चिडून किंवा सवयीनं तो झडप घालतो. म्हणून आमिष त्याच्या वाटेवर, त्याच्या खोलीवर न्यावं लागतं. तो तुमच्यासाठी वाट सोडून येणार नाही.

काठी हातात घ्या. पुरुषाच्या दोन-तीन उंचीइतकी लांब, टोकाला वाकवलेल्या लाकडाचं कडं, कड्याला झोळीसारखं जाळं. ते वरच्या अंगाला पाण्यात घाला आणि धारेबरोबर, धारेपेक्षा थोडं वेगानं खाली न्या. मासा खालून वर येतोय, म्हणजे झोळीचं तोंड त्याच्याकडे हवं. पहिल्या खेपेला काहीच नाही. दुसऱ्या खेपेला कडं खडकाला घासतं आणि तुम्ही उगाच दचकता. काठी आवळून धरू नका, नाहीतर खडक कुठला आणि मासा कुठला हे तळव्याला कळणार नाही.

मग एक धक्का बसतो. बोथट, जिवंत. तुमच्या मनात येतं सरळ वर खेचावं. म्हातारा तुमच्या मनगटावर हात ठेवून काठी फिरवतो. कडं आडवं होतं, झोळीचं तोंड मिटतं. आता एकेक हात मागे घेत काठी फळीवर आणा, कमरेतून झुकू नका. चांदीसारखी कूस, पाठीवर काळे ठिपके, शेपटीचे फटके अख्ख्या फलाटाला जाणवतात. सोट्याचा एक नेमका घाव डोक्यावर. माशाला तडफडत ठेवणं इथे कुणालाच पटत नाही.

काठावर आलात की तुमच्या माशाचा ताबा बायका घेतात. पातळ काप काढून ते पडवीत टांगतात आणि या दरीतला कोरडा वारा पुढचं काम करतो. ज्यांच्या हातून आता जाळं पेलत नाही, अशा म्हाताऱ्यांचा वाटा आधीच बाजूला निघतो. 1805 च्या ऑक्टोबरात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम या भागातून गेली, तेव्हा क्लार्कनं कुटलेल्या सुक्या साल्मननं ठासून भरलेल्या टोपल्यांची नोंद केली होती. आतून माशाच्याच कातड्याचं अस्तर, लांबी दोनेक फूट. तो मासा कित्येक वर्षं टिके आणि दूरदूरच्या लोकांशी त्याचा व्यापार चाले.

आता थोडं पुढे चला, 10 मार्च 1957. नदीत खालच्या बाजूला बांधलेल्या द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झालेत. पाणी मागे चढतंय. काही तासांतच फलाटांची जागा, तुमचा भोवरा, सगळा धबधबा पाण्याखाली जातो आणि शतकानुशतकांचा आवाज थांबतो. काठावर उभे असलेले म्हातारे रडतात. 1855 च्या करारांत याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या लोकांचा आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क अमेरिकी सरकारनं मान्य केला होता. बुडालेल्या जागेपोटी त्यांना सुमारे 2 कोटी 68 लाख डॉलर दिले गेले. कोयनेच्या किंवा मुळशीच्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. माशाची किंमत काढता येते. कुठल्या खडकाआड कुठल्या महिन्यात पाणी कसं फिरतं हे जाणणाऱ्याचं ज्ञान त्या खडकाबाहेर कुठेच वापरता येत नाही, आणि त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

तरी ही विद्या संपलेली नाही. डेशूट्स नदीवर शेरार्स धबधब्यापाशी आणि क्लिकिटॅट नदीवर लाइल गावाजवळ मूळ रहिवासी आजही लाकडी फलाटांवरून लांब काठीच्या जाळ्यानं साल्मन धरतात. नुसतं बघायचं असलं तरी घाई करू नका. बरीच माणसं उडणाऱ्या माशाचा फोटो काढून निघून जातात. तुम्ही जाळं धरणाऱ्याचे हात बघा, कारण काठी कधी फिरवायची हे अजून तिथेच शिकायला मिळतं.