थेंबाचे त्रैराशिक

उज्जैन ही काळ मोजणाऱ्यांची नगरी होय. महाकाळाचे ज्योतिर्लिंग येथे आहे, ही गोष्ट श्रद्धेच्या प्रांतातली. पण गणिताच्या प्रांतातही या नगरीचा मान तितकाच मोठा आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी आणि उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांना स्पर्श करणारी रेषा ही प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा. वराहमिहिर अवंतीचा; त्याच्या पंचसिद्धान्तिकेतील गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५, या वर्षापासून धरलेला आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली. पुढे नगरी शिंद्यांची राजधानी झाली आणि दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर वसवीपर्यंत तो मान तिच्याकडे राहिला. मधल्या काळात मोडकळीस आलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत झाला, आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिची व्यवस्था हाती घेतली.

अशा या नगरीतील एखाद्या रुग्णालयात आज रात्रपाळीची परिचारिका सलाईनच्या बाटलीखाली उभी राहून, मनगटावरचे घड्याळ पाहत थेंब मोजत असते, तेव्हा ती एक फार जुने काम नव्या रूपात करीत असते.

जुने काळमापन पाण्यानेच होत असे. तळाशी बारीक छिद्र पाडलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्यात सोडावे. ते अहोरात्रात साठ वेळा भरून बुडावे, असे त्याचे माप सूर्यसिद्धान्तात दिले आहे. एकदा पात्र बुडाले की एक घटका झाली. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे. घटकेची पळे साठ. लग्नघरी घंगाळात सोडलेले घटिकापात्र आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले होते. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग त्याच पात्रातून मराठीत आला, आणि तो मृत्यूलाही लावला जाऊ लागला. छिद्राचा आकार, पाण्याचे प्रमाण आणि लागणारा वेळ या तिहींचा संबंध पक्का बांधला, म्हणजे पाणी हेच घड्याळ होते. परिचारिकेपुढचा प्रश्न याच्या उलट आहे. तिच्या हाती घड्याळ आहे. त्यावरून तिला पाण्याची गती ठरवायची असते.

ही गती ठरविण्याचे साधन म्हणजे त्रैराशिक. ते आर्यभटाच्या ग्रंथात इ. स. ४९९ मध्ये आढळते, ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात ६२८ मध्ये आढळते, आणि ११५० मध्ये लीलावतीत भास्कराचार्यांनी ते असे काही मांडले की पुढे कित्येक शतके पाठशाळांतून तेच शिकविले गेले. विष्णू जसा विश्वाला, तसे त्रैराशिक सर्व गणिताला व्यापून आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो की, त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला होता. ज्योतिषी एखाद्या गावाचे पंचांग करीत, तेव्हा ते गाव उज्जयिनीच्या रेषेपासून किती योजने दूर आहे ते पाहून ग्रहाची स्थिती सुधारीत. पृथ्वीच्या परिघाला ग्रहाची एका दिवसाची गती, तर इतक्या योजनांना किती? हेही त्रैराशिकच.

त्याची रीत सोपी आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी. प्रमाण व इच्छा एकाच जातीची, फल वेगळ्या जातीचे. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. १०० मिलिग्रॅम औषध २ मिलिलिटर द्रवात आहे. डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम सांगितले. दोनाला पंचाहत्तरांनी गुणून शंभराने भागले की दीड मिलिलिटर हे उत्तर येते. राशींच्या जाती न पाहता जो आकडे गुणीत सुटतो, त्याचे उत्तर चुकते. येथे चुकीची किंमत कोणा मनुष्याला मोजावी लागते, एवढाच काय तो पाठशाळेतला आणि रुग्णालयातला फरक.

ही किंमत किती असते, हे शिरेवाटे द्रव देण्याच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहे. १८३१ साली पटकीची साथ इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. पटकीच्या रोग्याच्या रक्तातील पाणी व क्षार निघून जातात, हे ओशॉनेसी या तरुण वैद्याने रक्ताच्या पृथक्करणाने दाखविले. पुढे हाच गृहस्थ कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानातील तारायंत्राचा आद्य प्रवर्तक ठरला. त्याच्या शोधाचा धागा धरून १८३२ साली स्कॉटलंडातील लीथ येथे थॉमस लॅटा या डॉक्टराने मरणोन्मुख अशा एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडण्यास आरंभ केला. औंसामागून औंस जात राहिला. सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर द्रव गेल्यावर तिचे हातपाय उबदार झाले, आवाज परतला. आता थोडी झोप मिळाली म्हणजे झाले, असे तिला वाटू लागले. लॅटा तिला रुग्णालयातील वैद्याच्या स्वाधीन करून निघून गेला. वांत्या व जुलाब पुन्हा सुरू झाले. त्याला कोणी कळविले नाही. साडेपाच तासांत तिची घटका भरली.

ही हकीकत लॅटाने स्वतःच प्रसिद्ध केली, हा त्याचा मोठेपणा. उपाय बरोबर होता, परंतु शरीरातून किती गेले, किती द्यावयाचे, किती वेळात द्यावयाचे, आणि तेवढा वेळ रोग्यापाशी कोणी थांबावयाचे, हे ठरलेले नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स याने पटकीवर शिरेवाटे क्षारद्रव देण्याची पद्धत बसविली, तेव्हा तेथील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले.

आता परिचारिकेचे गणित पाहावे. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे आणि नळीच्या संचातून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. एकूण थेंब दहा हजार, मिनिटे २४०. म्हणून मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हेच ८ तासांत द्यावयाचे, तर २१. वेळ वाढला की गती घटते. हे भास्कराचार्यांचे व्यस्त त्रैराशिक होय. लहान मुलांसाठी वापरावयाच्या सूक्ष्म थेंबांच्या संचात ६० थेंबांचा मिलिलिटर असतो. तासाची मिनिटेही साठच. त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितकेच थेंब. भागाकार करण्याचे कारणच उरत नाही. घटिकापात्राच्या साठीने येथे पुन्हा असे दर्शन दिले आहे.

रक्तदाब सावरणाऱ्या औषधांचे गणित याहून अवघड. डोपामिन दर किलो वजनास दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यावयाचे, रोगी ६० किलोचा, आणि ५०० मिलिलिटरमध्ये औषध ४०० मिलिग्रॅम. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ०.८ मिलिग्रॅम; म्हणून तासाला २२.५ मिलिलिटर. यात मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम धरला तर मात्रा हजारपट होते. दशांशचिन्ह एक घर सरकले तर दहापट. म्हणून अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाच्या आधी शून्य लिहावे, नाहीतर .५ चे ५ वाचले जातात. आणि ५ च्या पुढे चिन्ह व शून्य लिहू नये, नाहीतर ५.० चे ५० होतात. ज्या शून्याचे नियम ब्रह्मगुप्ताने घालून दिले, ते आज अशा रीतीने खाटेच्या उशाशी पहारा करते.

आता थेंब मोजण्याचे काम पुष्कळ ठिकाणी पंप करतात. आकडा दाबला की यंत्र तासाला तेवढेच मिलिलिटर सोडते. परंतु बाटलीत काय मिसळले आहे, वजन बरोबर लिहिले आहे की नाही, हे पंपाला आपण होऊन कळत नाही. चुकीचा आकडाही ते तितक्याच इमानाने पाळते. म्हणूनच जोखमीच्या औषधांचे गणित दोन परिचारिकांनी एकमेकींचे न पाहता करावे आणि मग उत्तरे जुळवावीत, असा दंडक आहे. पोटॅशियमसारखे द्रव्य पातळ न करता एकदम शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. तेथे या दंडकाला अपवाद करता येत नाही.

जुन्या घटिकास्थानी पात्राशेजारी एक मनुष्य बसलेला असे. पात्र बुडाले की त्याने टोला द्यावयाचा आणि पात्र रिकामे करून पुन्हा सोडावयाचे. त्याला डुलकी लागली तर सगळ्या गावाचा काळ चुकत असे. लीथच्या त्या वृद्धेच्या उशाशी असा जागा मनुष्य नव्हता. आज तो जागा असतो, आणि बहुधा ती एक परिचारिका असते. हातातील कागदावर तिने मांडलेले त्रैराशिक रोग्याला दिसत नाही. त्याला फक्त थेंब पडताना दिसतो.