तीन जिल्हे, एक हिशेब

गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ 2009पासून तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे: आमगाव गोंदियात, ब्रह्मपुरी आणि चिमूर चंद्रपुरात, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी गडचिरोलीत. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा एकच, 2022पासून 95 लाख रुपये. त्या खर्चाचा माग मात्र तीन जिल्ह्यांच्या पथकांनी काढायचा. हा माग सर्वांत सहज तुटतो तो दारूपाशी. गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015मध्ये आली आणि 2021मध्ये उठली. त्यामुळे 2019च्या निवडणुकीत दोन्ही जिल्ह्यांत बंदी होती, तर 2024मध्ये ब्रह्मपुरीत दुकाने उघडी आणि वैनगंगा ओलांडली की तीच बाटली गुन्हा. प्रचाराच्या दिवसांत पेट्या पकडल्या की दारूबंदीचा गुन्हा दाखल होतो आणि गाडीचा चालक आरोपी ठरतो. माल कोणासाठी निघाला होता हे तिथेच खणून काढले नाही, तर पोलीस ठाण्यातला कागद उमेदवाराच्या हिशेबापर्यंत कधीच पोचत नाही.

खर्च आणि उमेदवार यांच्यातली ही फट जुनी आहे, आणि ती रुंद करण्यात संसदेचाही हात आहे. उमेदवाराच्या संमतीवाचून त्याच्यासाठी खर्च करणाऱ्याला 1920च्या कायद्याने 500 रुपयांपर्यंत दंड ठेवला. भारतीय दंड संहिता 2024मध्ये जाईपर्यंत तो आकडा हलला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1974मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितले, की पक्षाने केलेला खर्च उमेदवाराने जाणूनबुजून होऊ दिला असेल तर तो त्याचाच. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि पक्षाचा व पाठीराख्यांचा खर्च मर्यादेतून वगळला गेला. ही पळवाट बऱ्याच अंशी बुजायला 2003 उजाडले. पुढे भोकरच्या अशोक चव्हाणांच्या प्रकरणात 2014मध्ये न्यायालयाने निवडणूक आयोगाला हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. अधिकार आहे, उणीव आहे ती वेळेवर हाती येणाऱ्या पुराव्याची.

दारूच्या जप्त्या उमेदवारांच्या खर्चाच्या तपासाशी जोडल्या तर प्रतिस्पर्धीच माल पेरून दुसऱ्याच्या नावावर खर्च चढवील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नुसत्या जप्तीवरून कोणाच्याही नावे रक्कम लावू नये. पण नोंद करणे आणि दोष लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. जिथे मतदान पथके हेलिकॉप्टरने न्यावी लागतात, तिथे आणखी पोलीस कुठून आणायचे? त्यांची गरजच नाही. तिन्ही जिल्ह्यांतली प्रत्येक जप्ती त्याच दिवशी खर्च निरीक्षकाच्या छाया नोंदवहीत, म्हणजे उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या स्वतंत्र वहीत जावी, एवढेच हवे. उमेदवाराचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत येतो. पेट्या कोणी भरून दिल्या हे चालकाला विचारायची वेळ मात्र गाडी अडवली त्याच रात्रीची असते.