शंभर योजने चाला!

"आपल्या घराण्यातच आहे मधुमेह, आता काय करणार!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हल्ली ते चाळिशीतल्या पुतण्या-भाच्यांच्या तोंडूनही येऊ लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात हा विषय नवा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून आलेला. पहिल्यातला रोगी कृश, तर दुसऱ्यातला स्थूल, भरपूर खाणारा, बसून-झोपून राहण्याची आवड असलेला. आणि उपचार काय? निर्धन रोग्याने पायात वहाण न घालता, डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागून खात, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. नाहीतर विहीर खणावी! जवासारखे धान्य खाण्यावरही प्राचीन वैद्यांचा भर होता. यात गंमत वाटते खरी, पण आहार आणि श्रम हे सूत्र तिथे स्पष्ट आहे.

पुढे १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली. तेव्हा बुशार्दा नावाच्या डॉक्टरांना दिसले की काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली आहे.

तरी हा पुरावा निरीक्षणाचा. रोग होण्याआधीच तो रोखता येतो का, हे पडताळून पाहिले गेले ते अगदी अलीकडे. १९८६ मध्ये चीनमधल्या दाचिंग या तेलनगरीत, साखर वाढलेली पण मधुमेह न झालेली ५७७ माणसे निवडली गेली. काहींना आहार सांगितला, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. काहींना नुसती जुजबी माहिती. सहा वर्षांनी या शेवटच्या गटात शंभरातल्या सुमारे ६८ जणांना मधुमेह झाला होता, बाकीच्या तीन गटांत ४१ ते ४६ जणांना.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरचे निष्कर्ष आले. उद्दिष्ट साधेच होते: वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा. मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने घट झाली ३१ टक्के.

पण हे सगळे परदेशातले, आपल्याला लागू पडेल का? याचे उत्तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये दिले. ५३१ भारतीयांवरील या प्रयोगात, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांपैकी ३९ टक्के. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी फायदा झाला! काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता पुतण्या-भाच्यांनो, तुमच्यासाठी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान आली, तर अमेरिकन निकषाप्रमाणे ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था. माझा आकडा ११४ आहे. रात्रीचा भात निम्मा केला, पानात उसळ आणि पालेभाजी वाढवली, चहा बिनसाखरेचा, आणि रोज अर्धा तास झपझप चालतो. माझ्या वयात वजन उतरवण्याची घाई नको, असे डॉक्टरांचे सांगणे आहे. तुमच्या वयात मात्र पोटाचा घेर कमी करायला वाव आहे.

घराणे बदलता येत नाही, हे खरेच. आणि हे सगळे करूनही चेन्नईत ३९ टक्के लोकांना मधुमेह झालाच, हेही खरे. पण दाचिंगच्या त्या लोकांचा तीस वर्षे मागोवा घेतला गेला, आणि २०१९ मध्ये कळले की आहार-व्यायाम करणाऱ्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षे लांबला, आयुष्यही सुमारे दीड वर्षाने वाढले. चार वर्षे म्हणजे नातवंड बालवाडीतून तिसरीत जाण्याइतका काळ. मला तो थोडा वाटत नाही.

तेव्हा विहीर खणू नका, पण चाला. तुमचे आकडे काय म्हणतात, ते जरूर कळवा.